कोरोनरी धमनीतील फुगवटा आणि हृदयाची बिघडणारी लय : घरच्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

अँजिओग्राफीच्या (धमन्यांत रंगद्रव्य सोडून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांच्या) किंवा टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात ‘कोरोनरी आर्टरी अ‍ॅन्युरिझम’ असे शब्द वाचल्यावर घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो म्हणजे, हे फुटेल का? ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या बहिणीचा मुलगा तीन वर्षांचा असताना त्याच्या हृदयाच्या धमनीत असा फुगवटा आढळला, तेव्हा आम्हीही डॉक्टरांना हेच विचारले होते. असा फुगवटा फुटणे अत्यंत विरळ असते, आणि भीती बाळगायचीच असेल तर ती त्यात होणाऱ्या रक्ताच्या गुठळीची बाळगावी, हे त्या दिवशी समजले. हा फरक नीट कळला की औषधे कशासाठी आहेत, कोणत्या तपासण्या टाळता येत नाहीत आणि मध्यरात्री छातीत दुखू लागल्यास काय करायचे, या सगळ्याची संगती लागते. आता तो मुलगा अकरावीत आहे. इतक्या वर्षांत आम्ही जे शिकलो आणि डॉक्टरांना विचारून पक्के केले, ते ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे क्रमाने मांडत आहे. औषध आणि त्याची मात्रा ठरवणे हे हृदयरोगतज्ज्ञांचेच काम आहे. घरच्यांच्या हाती उरते ते नोंदी, नियमितपणा आणि तयारी, आणि हा लेख तेवढ्यापुरताच आहे.

आधी आजार समजून घ्यावा

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना कोरोनरी धमन्या म्हणतात. प्रौढ माणसात त्या साधारण दोन ते चार मिलिमीटर रुंद असतात. धमनीचा एखादा भाग शेजारच्या निरोगी भागाच्या दीडपट किंवा त्याहून अधिक रुंद झाला, तर त्याला अ‍ॅन्युरिझम, म्हणजे फुगवटा, म्हणतात. रुंदी एकाच जागी न राहता धमनीच्या बऱ्याच लांबीवर पसरलेली असेल, तर अहवालात ‘एक्टेशिया’ असा शब्द येतो. प्रौढांमध्ये याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे धमनीच्या भिंतीत चरबी साचून ती कमकुवत होणे, अर्थात ज्या प्रक्रियेने धमनी अरुंद होते तीच प्रक्रिया काही जणांत ती रुंद करते. लहान मुलांमध्ये मुख्य कारण कावासाकी आजार, म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह करणारा तापाचा आजार, हे आहे. याशिवाय रक्तवाहिन्यांचा दाह करणारे इतर आजार, मार्फान सिंड्रोमसारखे जन्मजात विकार, जंतुसंसर्ग आणि क्वचित पूर्वी बसवलेला स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) ही कारणेही असतात.

अरुंद ओढ्याचे पाणी रुंद डोहात शिरले की संथ होते आणि काठाशी भोवरे घेते. रक्ताचेही तसेच होते. संथ झालेले रक्त भिंतीला चिकटते आणि गुठळी धरते. ती गुठळी तिथेच धमनी बुजवते किंवा सुटून पुढच्या बारीक फांदीत अडकते, आणि हृदयविकाराचा झटका येतो.

लय बिघडण्याचा संबंधही येथूनच सुरू होतो. फुगवटा स्वतः ठोके बिघडवत नाही. रक्त न मिळाल्याने दुखावलेला स्नायू विजेच्या दृष्टीने अस्थिर होतो, आणि स्नायूचा काही भाग मेला तर त्या जागी व्रण उरतो. हृदयात विजेची लहर ठरलेल्या वाटेने जाते. व्रणापाशी तिला वळसा घालावा लागतो आणि काही वेळा ती त्याच वळशात गोल फिरत राहते. तेव्हा खालचे कप्पे अतिवेगाने धडधडू लागतात. याला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया म्हणतात. त्यातून पुढे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे नुसती थरथर, सुरू झाली तर काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होऊन कोसळतो. ठोके मंदावण्याचा प्रकार वेगळा आहे. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधील विजेच्या सांध्याला बहुतेक माणसांत उजव्या कोरोनरी धमनीतून रक्त मिळते, त्यामुळे ती धमनी बुजली तर हार्ट ब्लॉक (विजेची लहर खालच्या कप्प्यांकडे जाताना अडणे) होऊन नाडी तीस-चाळिसावर येऊ शकते. फुगवटा कोणत्या धमनीत आहे हे घरच्यांनीही पाठ ठेवावे, असे मी म्हणतो ते यासाठीच.

मुलाचा ताप पाच दिवस उतरत नसेल तर

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे, कारण फुगवटा होण्याआधीच तो टाळण्याची संधी फक्त येथे असते. जपानमधील बालरोगतज्ज्ञ तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ मध्ये ५० मुलांची नोंद करून कावासाकी आजाराचे वर्णन केले. तो बहुतेककरून पाच वर्षांखालील मुलांना होतो. पाच किंवा अधिक दिवसांचा चढा ताप, दोन्ही डोळे लाल पण चिपडे नाहीत, ओठ लाल व भेगाळलेले आणि जीभ स्ट्रॉबेरीसारखी दाणेदार, अंगावर पुरळ, तळहात-तळपाय लाल किंवा सुजलेले आणि मानेत एका बाजूला दीड सेंटीमीटरहून मोठी गाठ, ही त्याची लक्षणे. ती सगळी एकाच दिवशी दिसतीलच असे नाही. आज पुरळ उठते आणि उद्या मावळते, म्हणून रोज फोटो काढून ठेवावेत आणि तारखेसह डॉक्टरांना दाखवावेत. आपल्याकडे जन्मल्यावर बीसीजीची लस टोचली जाते; त्या जुन्या व्रणाभोवती अचानक लाली व सूज आली, तर ती कावासाकीची महत्त्वाची खूण आहे आणि ती आवर्जून सांगावी. एक वर्षाखालील बाळांत लक्षणे अपुरी असतात, धोका मात्र अधिक असतो.

आमच्या मुलाला सहा दिवस ‘व्हायरल आहे’ असे सांगितले गेले, दोन प्रतिजैविके बदलून झाली, आणि बोटांच्या टोकांची साल निघू लागल्यावर त्याला परळला पाठवण्यात आले. तोवर बारावा दिवस उजाडला होता. इम्युनोग्लोब्युलिनचे (दात्यांच्या रक्तातून मिळवलेल्या प्रतिपिंडांचे) सलाइन तापाच्या पहिल्या दहा दिवसांत मिळाले, तर फुगवटा होण्याचे प्रमाण साधारण चार-पाच टक्क्यांवर येते. न मिळाल्यास ते २० ते २५ टक्के असते. त्यामुळे पाचव्या दिवशीही ताप असेल आणि वरीलपैकी दोन-तीन खुणा दिसल्या असतील, तर ‘हा कावासाकी असू शकेल का, टूडी इको करावा का’ असे पालकांनी स्पष्ट शब्दांत विचारावे. असे विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अवमान नव्हे. परळचे वाडिया बालरुग्णालय आणि केईएम रुग्णालय येथे मुलांच्या आजारांचा मोठा अनुभव आहे, आणि ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्यांना तेथे पोहोचणे अवघड नाही. मात्र मूल सुस्त असेल, हातपाय गार पडले असतील किंवा दम लागत असेल, तर जवळचे बालरोग अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठावे.

अहवालातील कोणते आकडे लिहून घ्यावेत

‘फुगवटा आहे’ एवढे कळून उपयोग नाही. धमनीचे नाव, फुगवट्याची रुंदी व लांबी मिलिमीटरमध्ये, आत गुठळी दिसते का, त्याच्या आधी-नंतर धमनी अरुंद झाली आहे का, आणि हृदयाची पंप करण्याची क्षमता, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, किती टक्के आहे, ही पाच उत्तरे प्रत्येक अहवालातून वहीत उतरवावीत. मुलांच्या बाबतीत झेड स्कोअर हा आणखी एक आकडा असतो. मुलाच्या उंची-वजनाच्या मानाने धमनी किती रुंद आहे ते त्यावरून कळते. अडीच ते पाचपर्यंत लहान, पाच ते दहापर्यंत मध्यम आणि दहा किंवा अधिक, अथवा आठ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, म्हणजे महाकाय फुगवटा असे मानतात. अहवालात झेड स्कोअर नसेल तर तो मागून घ्यावा, आणि त्या दिवशीचे उंची-वजन वहीत नोंदवावे.

पुढे एक फसगत होते. लहान आणि मध्यम फुगवटे बहुतेक मुलांत वर्ष-दोन वर्षांत आकुंचन पावतात आणि अहवालात ‘नॉर्मल’ असे येते. आमच्या घरीही त्या दिवशी पेढे वाटले गेले. पण रुंदी पूर्ववत झाली तरी भिंत पूर्ववत होत नाही. ती जाड व ताठर होऊ शकते, आणि फुगवट्याच्या तोंडाशी अनेक वर्षांनी अरुंदी येऊ शकते. मूल मोठे होत जाते तसे छातीवरून केलेल्या इकोमध्ये धमन्यांचा सुरुवातीचाच भाग दिसतो, म्हणून पुढे सीटी कोरोनरी अँजिओग्राफी किंवा ताणाखालची तपासणी (व्यायामाने किंवा औषधाने हृदयावर ताण आणून केलेली) सुचवली जाते. ‘नॉर्मल’ आल्यावर तपासण्या थांबवण्याचा निर्णय घरच्यांनी स्वतःहून घेऊ नये.

फाइल : सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय

ईसीजीचा कागद उष्णतेने छापलेला असतो आणि दोन-चार वर्षांत फिका पडत जातो. प्लास्टिकच्या पिशवीत, दमट हवेत तर लवकरच. म्हणून प्रत्येक ईसीजीची त्याच दिवशी झेरॉक्स काढावी आणि मोबाइलवर फोटो घ्यावा. जुना ईसीजी एवढा महत्त्वाचा का, तर रात्री दोन वाजता आपत्कालीन विभागातील डॉक्टरांना आजच्या पट्टीवरील बदल नवा आहे की जुनाच, हे ठरवायचे असते, आणि तुलनेसाठी जुनी पट्टी नसेल तर मोलाचा वेळ जातो. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्यावी आणि पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावी, कारण नुसत्या छापील अहवालापेक्षा चालती चित्रे पाहून तज्ज्ञ अधिक सांगू शकतात. फाइलच्या पहिल्या पानावर आजाराचे नाव, फुगवट्याची जागा व शेवटचे माप, चालू औषधे मात्रेसह, अ‍ॅलर्जी, रक्तगट आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. त्याच पानाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा. माझ्या आईच्या पर्समध्ये तर त्याची घडी घातलेली प्रत आजही असते.

औषधे, पथ्य आणि आपला पावसाळा

लहान फुगवट्याला बहुधा कमी मात्रेतील अ‍ॅस्पिरिन पुरते, मध्यम फुगवट्याला काही वेळा त्याच्या जोडीला गुठळी रोखणारे क्लोपिडोग्रेल देतात, आणि महाकाय फुगवट्याला अ‍ॅस्पिरिनबरोबर वॉरफरिन किंवा असिनोकुमारोल हे रक्त पातळ करणारे औषध देतात. प्रौढांमध्ये कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन, रक्तदाब व मधुमेहाचे नियंत्रण आणि तंबाखू-मिश्री-सिगारेट पूर्ण बंद करणे हे याच उपचाराचे भाग आहेत. कोणाला आवरणयुक्त स्टेंट, कोणाला बायपास आणि कोणाला केवळ औषधे, हे रुग्णागणिक ठरते. मोठ्या निर्णयाआधी चित्रांची सीडी घेऊन दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेणे मला नेहमीच योग्य वाटते.

वॉरफरिन किंवा असिनोकुमारोल घेणाऱ्यांची आयएनआर ही, रक्त किती पातळ झाले आहे ते सांगणारी, रक्ततपासणी ठरल्या दिवशी झालीच पाहिजे, आणि तिचा आकडा बहुधा दोन ते तीनच्या दरम्यान ठेवतात. पालक, मेथी, शेपू, अळू, कोथिंबीर यांतील के जीवनसत्त्व या औषधांच्या विरुद्ध काम करते. त्या भाज्या बंद करायच्या नसून आठवड्याचे प्रमाण सारखे ठेवायचे आहे. श्रावणात आणि गणपतीत अळूवड्या व अळूचे फतफते सलग चार दिवस होते किंवा नवरात्रात नऊ दिवसांचा उपास धरला जातो, तेव्हा आयएनआर हलतो; त्या आठवड्यानंतर तपासणी लवकर करून घ्यावी. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, लघवीत रक्त, डोक्याला मार किंवा विनाकारण निळे डाग, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

जून ते ऑक्टोबर हा काळ आपल्या भागात विशेष जपण्याचा असतो. डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोचा ताप ठाण्यात आणि नवी मुंबईत दरवर्षी असतो. डेंग्यूत प्लेटलेट घटतात, आणि अ‍ॅस्पिरिन व रक्त पातळ करणारे औषध चालू असताना त्या घटल्या तर रक्तस्रावाचा धोका फार वाढतो. त्यामुळे अशा रुग्णाला ताप आल्यास पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा, रक्ततपासणी लवकर करावी, आणि औषध चालू ठेवायचे की थांबवायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे. स्वतःहून बंद केल्यास गुठळीचा धोका, विचार न करता चालू ठेवल्यास रक्तस्रावाचा, अशी ही कात्री आहे. तापासाठी पॅरासिटामॉल घ्यावे. आयब्युप्रोफेन अ‍ॅस्पिरिनचे काम अडवते, आणि मुलांच्या तापात सर्रास दिले जाणारे मेफेनॅमिक अ‍ॅसिड रक्तस्राव वाढवू शकते, दोन्ही टाळावीत. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या मुलाला फ्लू किंवा कांजिण्या झाल्यास रेय सिंड्रोम हा यकृत व मेंदूला इजा करणारा गंभीर विकार होऊ शकतो. म्हणून फ्लूची लस दरवर्षी द्यावी आणि वर्गात कोणाला कांजिण्या आल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे. इम्युनोग्लोब्युलिन दिलेल्या मुलाच्या गोवर-रुबेला व कांजिण्यांच्या लशी साधारण ११ महिने पुढे ढकलतात, हेही लसीकरण पत्रिकेवर लिहून ठेवावे.

लयीची तक्रार असलेल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. अ‍ॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मलेरियासाठीचे क्लोरोक्विन, उलटीवरील ऑन्डान्सेट्रॉन आणि डॉम्पेरिडोन ही नेहमीची औषधे काही जणांत ईसीजीवरील क्यूटी अंतर (ठोक्यानंतर खालचे कप्पे विजेच्या दृष्टीने पूर्ववत होईपर्यंतचा काळ) वाढवून लय बिघडवू शकतात. जुलाब-उलट्यांत पोटॅशियम व मॅग्नेशियम घटते तेव्हा हा धोका दुणावतो. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणण्याची सवय अशा घराला परवडणारी नाही.

नाडी पाहणे आणि लयीच्या तपासण्या

मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायला घरातील किमान दोघांनी शिकावे. पाच मिनिटे शांत बसल्यानंतर प्रौढाची नाडी साधारण ६० ते १०० असते. मुलांची वयाप्रमाणे अधिक असते. मधूनच एक ठोका चुकल्यासारखा वाटणे बहुधा निरुपद्रवी असते, पण व्रण असलेल्या हृदयात तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. नाडीला काही ताळमेळच नसेल तर एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या अनियमित थरथरीची, शक्यता असते. धावताना किंवा जिना चढताना भोवळ येऊन पडणे हे लक्षण मात्र कधीही ‘अशक्तपणा’ म्हणून सोडू नये. त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञ गाठावा.

धडधड रोज होत असेल तर २४ किंवा ४८ तासांचे होल्टर यंत्र (अंगावर बाळगायचे, ईसीजीची सतत नोंद करणारे) उपयोगी पडते. आठवड्यातून एकदा होत असेल तर अधिक दिवसांचे यंत्र मागावे, कारण एका दिवसाच्या नोंदीत ती सापडण्याची शक्यता कमी. होल्टर लावलेल्या दिवशी घरी पडून राहू नये. नेहमीचे काम, लोकलचा प्रवास, संध्याकाळचा फेरफटका, सगळे करावे आणि त्रास झाला ती वेळ लिहावी. मनगटी घड्याळातील ईसीजी ताल चुकल्याची सूचना देऊ शकतो, पण त्यावर ‘सर्व ठीक’ आले म्हणून हृदयविकाराचा झटका नाही असे ठरत नाही. हृदयाची पंप करण्याची क्षमता औषधोपचारानंतरही ३५ टक्के किंवा त्याहून कमी राहिली, किंवा जीवघेणी लय एकदा येऊन गेली, तर छातीत आयसीडी यंत्र बसवण्याचा विचार केला जातो. ते यंत्र झटका देऊन लय सुधारते, गुठळी रोखत नाही. त्यामुळे त्यानंतरही गोळ्या चालूच राहतात.

तातडीच्या प्रसंगाची तयारी आजच करावी

आपल्या घरापासून चोवीस तास अँजिओप्लास्टीची सोय असलेली दोन रुग्णालये आधी ठरवावीत, आणि ती सोय खरोखर रात्री चालू असते का, हे स्वतः जाऊन विचारावे. दोन्ही एकाच दिशेला नसावीत. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांना गायमुखाची कोंडी ठाऊक आहे, कळवा-विटाव्याच्या लोकांना खाडीपुलाची, आणि विसर्जनाच्या दिवशी मासुंदा तलावाभोवतीचे रस्ते बंद असतात. म्हणून एक रुग्णालय पूल किंवा घाट न ओलांडता गाठता येईल असे असावे. पालिकेच्या सेवेत कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. तेथे आपल्या गरजेची कोणती हृदयरोग सेवा कधी मिळते ते आधीच विचारून ठेवावे.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, दम लागणे यांपैकी काही दहा मिनिटांत शमले नाही तर १०८ ला फोन करावा. लहान मूल छातीत दुखते असे सांगत नाही. ते पांढरे पडते, सतत रडते, उलट्या करते किंवा पोट धरून बसते. फुगवटा असलेल्या मुलात ही लक्षणे अपचनाची मानू नयेत. झटक्याच्या शंकेत अ‍ॅस्पिरिन चावून घ्यायचे की नाही, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच विचारून पहिल्या पानावर लिहावे, विशेषतः रक्त पातळ करणारे दुसरे औषध चालू असल्यास.

माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्यायला लगेच सुरुवात करावी. प्रौढात छाती पाच ते सहा सेंटीमीटर दबली पाहिजे, मुलात छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश. एकाने दाब द्यावा, दुसऱ्याने १०८ लावावा, तिसऱ्याने लिफ्ट खाली धरून ठेवावी आणि सोसायटीच्या फाटकावर उभे राहावे. आमच्या सोसायटीने गणेशोत्सवात एका संध्याकाळी याचे प्रात्यक्षिक ठेवले होते आणि सुरक्षारक्षकांनाही शिकवले. एईडी, म्हणजे विजेचा झटका देऊन लय सुधारणारे यंत्र, जवळ असेल तर ते तत्काळ आणावे. ते सूचना बोलून देते आणि गरज नसेल तर झटका देत नाही.

खर्च, शाळा आणि अठराव्या वर्षाचा बदल

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. दाखल होण्याआधी संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्रांना (योजनेच्या मदतनिसांना) भेटून आपला उपचार आणि ते रुग्णालय योजनेत आहे का, ते तपासावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड फाइलमध्येच ठेवावे.

शाळेला एक पानी पत्र द्यावे : आजार काय, कोणती औषधे, कोणत्या लक्षणांत कोणाला फोन. खेळ सरसकट बंद करू नये, कारण बैठे बालपण हृदयाला हितकारक नाही. ताणतपासणी करून मर्यादा ठरवून घ्यावी. दोन औषधांनी रक्त पातळ केलेल्या मुलाला कबड्डी, कुस्ती, फुटबॉलसारखे अंगाला अंग भिडणारे खेळ टाळायला सांगतात. आमचा मुलगा बॅडमिंटन खेळतो आणि येऊरच्या चढावर मित्रांबरोबर चालायला जातो.

मूल अठरा वर्षांचे झाले की बालहृदयरोगतज्ज्ञांकडून प्रौढांच्या तज्ज्ञांकडे जावे लागते, आणि अनेक रुग्णांचा पाठपुरावा नेमका येथे तुटतो, कारण त्रास काहीच नसतो आणि मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी दुसऱ्या गावी जाते. सोळाव्या वर्षापासूनच त्याला स्वतःच्या फुगवट्याची जागा, सर्वाधिक माप आणि आजचे माप सांगता आले पाहिजे. सर्वाधिक माप यासाठी की पुढील धोका बराचसा त्यावरूनच ठरवतात, आजच्या मापावरून नव्हे. जुन्या डॉक्टरांकडून सविस्तर सारांशपत्र घ्यावे, नव्या तज्ज्ञांची पहिली भेट जुन्या तज्ज्ञांच्या शेवटच्या भेटीआधीच ठरवावी, आणि मुलींच्या बाबतीत गर्भधारणेआधी औषधे बदलावी लागतात हे त्यांना वेळेवर सांगावे, कारण वॉरफरिन गर्भाला अपाय करू शकते.